बायकांच्या सुखाचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्या महिला मंडळात बोलायला विषयांची वाण कधीच नसते. जातीचा दाखला, मुलांची फी, नळाला येणारे कमी दाबाचे पाणी, नवऱ्याची दारू, सासूचा स्वभाव, भिशीचा नंबर, सगळ्यांवर आपण तासन्‌तास बोलतो. अंगावरच्या माराबद्दलही आता बायका बोलू लागल्या आहेत, हे चळवळीचेच यश आहे. पण दार लावल्यावर नवरा-बायकोत जे घडते, त्यात बाईला सुख मिळते की त्रास होतो, तिला इच्छा असते की नसते, याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही. काढला तर हसण्यावारी जातो, नाहीतर मान खाली जाते.

मी काही डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि ठाण्याच्या एका कचेरीत क्लार्क म्हणून लागले. कल्याणहून लोकलने जाणे-येणे आणि उरलेल्या वेळात वस्तीतले महिला मंडळ, असे माझे आयुष्य. आरोग्य शिबिर लागले की नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे असते, कारण माझे अक्षर बरे आहे. त्या रजिस्टरात ‘तक्रार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात मी गेली कित्येक वर्षे ‘कंबर दुखते’, ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘अशक्तपणा’, ‘चक्कर येते’ असेच लिहीत आले. टेबलापाशी बाई हळूच वाकून आणखी काही सांगते. ते लिहायला रकानाच नसतो. हिशेबाच्या वहीत ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याची बाकी निघणार कशी?

या विषयावर लिहायचे आणखी एक कारण आहे. माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. माझे लग्न झाले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. बी.कॉम.च्या परीक्षेत ताळेबंद जुळवणाऱ्या मुलीला स्वतःच्या शरीराची ओळख मात्र कोणी करून दिली नव्हती. निघताना आईने एवढेच सांगितले, “ते सांगतील तसं वाग.” आईला तिच्या आईने तेही सांगितले नव्हते. आमची खोली दहा बाय बाराची. सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघे, मध्ये साडीचा पडदा. बांगडीचा आवाज होऊ नये एवढीच काळजी. आमचे मिस्टर स्वभावाने चांगले. त्यांनी कधी हात उगारला नाही. पण त्यांनाही कोणी काही शिकवलेले नव्हते. दोन चांगली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना न विचारता जगतात, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. मुलीला मी पुन्हा तेच एक वाक्य देऊन पाठवू का?

मागच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की एक दिवस अर्धा तास या विषयासाठी ठेवू. एक ज्येष्ठ काकू लगेच म्हणाल्या, “अगं, विहारात असले विषय? बाबासाहेबांच्या फोटोसमोर?” त्यांच्याविषयी मला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्या तुरुंगात जाऊन आल्या आहेत. म्हणून मी वाद घातला नाही. मी त्यांना फक्त १९३४ सालची हकीकत सांगितली. ती इथेही सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी. या कामापायी रघुनाथरावांना १९२५ साली कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवले, ते १९५३ साली मरेपर्यंत. त्यात ते लैंगिक प्रश्नांवर सरळ भाषेत लिहीत आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. बाईलाही इच्छा असते आणि तिलाही सुखाचा हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात लिहिले. स्वतः मूल न होऊ देण्याचे ठरवल्यावर शस्त्रक्रिया बायकोवर न ढकलता त्यांनी स्वतःवर करून घेतली. सनातनी मंडळींनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३१ च्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

विचार करा, तो काळ कोणता होता? महाडचा सत्याग्रह होऊन गेलेला, काळारामाचा लढा चालू, गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच झालेले. बाबासाहेबांना कामाची कमतरता नव्हती. अशा वेळी समाजातले बडे लोक ज्याच्याकडे पाठ फिरवत होते, त्या माणसाच्या बाजूने ते कोर्टात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते लिखाण अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे आणि विकृती दडपून नव्हे तर ज्ञानानेच दूर होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, हे इतिहासात लिहिले गेले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनीच तयार केले होते. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हजारो बायकांना सांगितले की लग्न झाल्यावर बाईने नवऱ्याची दासी नव्हे, तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे.

काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग ठेव अर्धा तास. पण पुरुष नकोत.” तशी बैठक झाली. तोंडाने कोणी बोलणार नाही हे मला ठाऊक होते. म्हणून मी कोरे कागद वाटले. नाव लिहायचे नाही, प्रश्न लिहायचा आणि डब्यात टाकायचा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी ज्यांच्यावर विश्वास होता त्यांच्याकडून लिहून घेतला. डब्यात चिठ्ठ्या पडल्या त्या अशा: ‘मला कधीच मनापासून वाटत नाही, मी आजारी आहे का?’ ‘फार दुखते, कोणाला सांगू?’ ‘पाळी गेली, आता मनाई आहे का?’ ‘पिशवी काढल्यावर नवऱ्याजवळ जाता येते का?’ ‘मला वाटते पण त्यांना वाटत नाही, हे पाप आहे का?’ शेवटची चिठ्ठी वाचली तेव्हा कोणीही हसले नाही.

या प्रश्नांची उत्तरे माझ्या मनाने देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून मी वाचायला बसले. जगात आणि आपल्याकडे या विषयावर अभ्यास झाले आहेत. आकड्यांची सवय असल्यामुळे मी ते जरा बारकाईने पाहिले.

पहिली चिठ्ठी इच्छेची. २००८ साली अमेरिकेतील ३१ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. इच्छा नसणे, शरीर साथ न देणे, तृप्ती न मिळणे यांपैकी काहीतरी अडचण आहे असे शंभरात ४३ जणींनी सांगितले. पण त्या अडचणीचे मनाला दुःख होते काय, असे विचारल्यावर संख्या आली अवघी १२. वयाप्रमाणे पाहिले तर अडचण सांगणाऱ्या १८ ते ४४ वयात शंभरात सुमारे २७, ४५ ते ६४ वयात ४५ आणि ६५ च्या पुढे ८०. म्हणजे अडचण वयाबरोबर वाढत गेली. पण अडचणही आहे आणि तिचे दुःखही आहे अशा स्त्रिया सर्वांत जास्त निघाल्या मधल्या वयात, शंभरात १५ च्या आसपास. तरुणींमध्ये ११ आणि म्हाताऱ्यांमध्ये ९. याचा अर्थ सरळ आहे. इच्छा कमी असणे म्हणजे रोग नव्हे. एखादीला कमी वाटते आणि ती त्यात सुखी आहे, तर तिला औषधाची गरज नाही. जिला त्याचा त्रास होतो, तिला मात्र मदत मिळाली पाहिजे. आणि हा त्रास सर्वांत जास्त होतो तो आपल्या माझ्यासारख्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना, ज्यांना सगळे म्हणतात, ‘आता या वयात काय?’ एका डॉक्टरांनी मलाही असेच उत्तर दिले होते. मी पैसे देऊन मुकाट्याने बाहेर आले.

रोझमेरी बॅसन नावाच्या कॅनडातील डॉक्टरबाईंनी २००० सालच्या सुमारास आणखी एक गोष्ट मांडली. त्याआधीची पुस्तके सांगत की आधी इच्छा होते, मग बाकीचे. बाईंचे म्हणणे असे की पुष्कळ बायकांची, विशेषतः लग्नाला बरीच वर्षे झालेल्यांची, सुरुवात इच्छेने होतच नाही. जवळीक, प्रेमाचा शब्द, निवांतपणा मिळाला, तर इच्छा मागाहून जागी होते. आपल्या घरात हा निवांतपणा कुठून आणायचा? पहाटे चारला पाण्यासाठी उठायचे, डबे करायचे, डोंबिवलीला दारात लटकलेल्या बायकांमधून वाट काढायची, रात्री आठला घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे. रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा शरीर झोप मागते. त्याला ‘थंड बाई’ म्हणायचे, की थकलेली बाई म्हणायचे?

दुसरी चिठ्ठी दुखण्याची. दुखणे हे बाईचे नशीब नव्हे. शरीर तयार होण्याआधी संबंध आला तर ओलावा नसतो आणि दुखते. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना आणि पाळी जाताना हार्मोन कमी होतात, त्यामुळेही कोरडेपणा येतो. जंतुसंसर्ग, मधुमेह, गर्भाशयाचे आजार हीदेखील कारणे आहेत. पहिल्या दिवसांतली भीती हे फार मोठे कारण आहे. भीतीने स्नायू आवळले जातात, त्याने दुखते, आणि दुखले की पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे बायकांनाच माहीत नसते. बाईच्या सुखाचा मुख्य अवयव आत नाही, बाहेर वरच्या बाजूला असतो. केवळ समागमाने पुष्कळ बायकांना तृप्ती मिळत नाही. हे १९७६ साली शेअर हाइट बाईंच्या अमेरिकेतील पाहणीत हजारो स्त्रियांनी स्वतःच्या शब्दांत लिहून दिले. यात बाईचा दोष नाही, नवऱ्याच्या मर्दानगीचाही नाही. दोष अज्ञानाचा आहे.

आपल्याकडे हे दुःख वेगळ्या नावाने बाहेर पडते. माझ्या रजिस्टरात सर्वांत जास्त वेळा लिहिलेली तक्रार म्हणजे ‘अंगावरून पांढरे जाणे’. गोव्यामध्ये सुमारे २,५०० स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. शंभरात चौदा-पंधरा जणींनी ही तक्रार सांगितली. तपासणीत असे दिसले की या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, उदासी आणि सततची अंगदुखी यांच्याशी जास्त घट्ट होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘सफेद पाणी’ या तक्रारीवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही घरातला ताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध हेच पुढे आले. जे तोंडाने सांगता येत नाही ते बाई अंगावरचे पाणी म्हणून सांगते. तिला दर वेळी गोळ्या देऊन घरी पाठवले जाते आणि पुढच्या शिबिरात ती पुन्हा रांगेत असते.

पण म्हणून प्रत्येक तक्रार मनाचीच, असे समजणे तितकेच घातक आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी तीनहून जास्त. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त आठ. त्यांचे दुखणे खरे होते, विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा पाण्याला वास येत असेल, खाज येत असेल, ते दह्यासारखे असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल, तर लाज बाजूला ठेवून लगेच तपासून घ्यावे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असाच सुरू होतो आणि वेळेत सापडला तर बरा होतो.

तिसरी चिठ्ठी पाळी गेलेल्या ताईंची. आपल्या देशात पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे लवकर. पाळी गेली म्हणजे बाईपण संपले, ही समजूत खोटी आहे. कोणतीही मनाई नाही. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये जेल मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचे हार्मोनचे मलमही असते. दिवस जाण्याची भीती संपल्यामुळे काही बायका याच वयात पहिल्यांदा मोकळ्या होतात. ज्यांना आता नको वाटते, त्यांचेही बरोबर आहे. रक्तदाबाच्या आणि उदासीवरच्या काही औषधांनी इच्छा कमी होते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे, औषध बदलता येते.

चौथी चिठ्ठी पिशवी काढलेल्या बाईची. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर संबंध ठेवता येतो. पिशवी काढल्याने इच्छा मरत नाही. मात्र त्याबरोबर अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्याची सगळी लक्षणे एकदम आणि लवकर येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा होऊ नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून तरुण वयात पोटावर सुरी. त्या बायकांपैकी कितीजणींना कोणी सांगितले असेल की याचा तुझ्या पुढच्या संसारसुखावर काय परिणाम होईल? त्या आपल्याच गावाकडच्या, आपल्याच नात्यातल्या बायका आहेत.

हिशेबनीस म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकली. हे आकडे कोणाचे आहेत? डॉ. किन्से यांचा स्त्रियांवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९५३ साली निघाला, म्हणजे आपले कर्वे गेले त्याच वर्षी. त्यात जवळजवळ सहा हजार स्त्रियांचा हिशेब आहे, पण सगळ्या गोऱ्या. काळ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतलेल्या असूनही त्या धरल्या नाहीत. आपल्याकडे वेल्लोरच्या एका दवाखान्यात आलेल्या १४९ विवाहित स्त्रियांना परदेशी प्रश्नावली दिली, तर शंभरात ७३ जणींना ‘दोष’ निघाला. तो अभ्यास २००९ चा. २०१५ साली दक्षिणेतल्याच खेड्यातील पाहणीत हेच प्रमाण निघाले शंभरात १४. इतका फरक कसा? एकीकडे दवाखान्यात आलेल्या बायका, दुसरीकडे गावातल्या. एकीकडे एक मोजपट्टी, दुसरीकडे दुसरी. म्हणून ‘अमुक टक्के बायका थंड असतात’ असे कोणी वर्तमानपत्रात लिहिले, तर आधी विचारावे की कोणाला विचारले आणि कसे विचारले.

आपल्या सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी फार मोठी असते. २०१९ ते २१ च्या पाहणीत, इच्छा नसेल तर नवऱ्याला नाही म्हणता येते असे शंभरातल्या ८२ विवाहित बायकांनी सांगितले. ही प्रगती आहे. पण उरलेल्या अठरा कोण आहेत? त्यांच्या रात्री कशा जात असतील? देशात शंभरातल्या ३८ विवाहित बायकांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. ज्यांच्या नवऱ्यांनी करून घेतली आहे त्या हजारात तीन. आणि या पाहणीत बायकांना विचारले जाते ते वयाच्या ४९ वर्षांपर्यंत. त्यानंतरच्या बाईला सरकारही विचारत नाही. ‘नाही’ म्हणता येते काय, हे तरी विचारले जाते. ‘तुम्हाला सुख मिळते काय’ हे कोणी विचारत नाही. विधवा आणि टाकलेल्या बायकांचा तर हिशेबच नाही.

कायद्याचेही माहीत असू द्या. सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती हा बलात्कार धरला जात नाही. तो अपवाद जुन्या दंडसंहितेत होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही राहिला. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचार मानलेला आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो.

पाचवी चिठ्ठी मुद्दाम शेवटी ठेवली. ‘मला वाटते, हे पाप आहे का?’ आपण दररोज पंचशील म्हणतो. तिसऱ्या शीलात ‘कामेसु मिच्छाचारा’ असे आहे. कामवासनेतील मिथ्याचार टाळायचा, म्हणजे फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याचे दुःख टाळायचे. संसारी माणसाची इच्छा हेच पाप, असे ते शील म्हणत नाही. तथागतांनी सिगालाला नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली, त्यातली पहिली दोन म्हणजे पत्नीचा मान राखणे आणि तिला तुच्छ न लेखणे. मग मान फक्त चारचौघांत आणि अंथरुणावर नाही, असे कसे चालेल? नको असताना बायकोला ओढणारा नवरा शील मोडतो. स्वतःच्याच नवऱ्याच्या प्रेमाची इच्छा धरणारी बाई कोणतेही शील मोडत नाही. त्या ताईंना, त्या कोणीही असोत, माझे एवढेच उत्तर आहे. आणि नवऱ्याला वाटत नसेल तर त्यालाही मधुमेह, दारू, कामाचा ताण, काही कारण असू शकते. त्याला टोमणा न मारता डॉक्टरकडे न्यावे.

पुरुषांसाठी लोकलच्या डब्यात आणि रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ वाल्यांच्या जाहिराती असतात. त्या बहुतेक लुबाडणाऱ्याच. तिकडे पैसे घालवू नयेत. कळव्याला ठाणे पालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. तिथे जाऊन बाईने स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘संबंधाच्या वेळी दुखते’. ‘कंबर दुखते’ असे सांगितले तर औषध कंबरेचे मिळेल. एका डॉक्टरने झिडकारले तर दुसऱ्याकडे जावे, दवाखाना आपल्याच करातून चालतो.

माझ्या मुलीला मी लग्नाआधी बसवून सांगितले. मला शब्द सापडत नव्हते, तरी सांगितले. शरीराची माहिती, पाळणा लांबवण्याची साधने, दुखले तर थांब म्हणायचे, नको असेल तर नको म्हणायचे आणि हवे असेल तर हवे म्हणायचे. ती म्हणाली, “आई, हे त्यालाही कोणीतरी सांगायला पाहिजे ना?” तिचे खरे होते. मी मिस्टरांना सांगितले, त्यांनी जावयाच्या थोरल्या भावाशी बोलायचे कबूल केले आहे. अजून बोलले नाहीत, पण कबूल केले आहे.

माता-भगिनींनो, आपापल्या विहारात, मंडळात वर्षातून दोनदा तरी अर्धा तास या विषयाला द्या. कोरे कागद आणि एक डबा एवढेच साहित्य लागते. एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा शिकलेली नर्स बोलवा, आपल्या समाजात त्या आता पुष्कळ आहेत. बंधूंनो, तुम्ही वेगळी बैठक घ्या आणि त्यात पहिला प्रश्न स्वतःला विचारा की आपण बायकोला कधी विचारले आहे काय. आमच्या मंडळाची पुढची बैठक याच महिन्यात आहे. शिबिराच्या नव्या रजिस्टरात मी एक रकाना वाढवला आहे. त्याला नाव काय द्यावे ते ठरले नाही, म्हणून सध्या वर फक्त ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असे लिहिले आहे.

जयभीम.